सही कुणाची अन् सक्ती कुणावर

"गावात तंटा नको, मिटवून घ्या." हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. मिटवायचं कोणी आणि घ्यायचं काय, हे त्या वाक्यात कधीच नसतं. सांगणारे बदलतात. कधी पाटील, कधी सरपंच, कधी फौजदार, कधी आमच्यातलाच खादीचा कुडता घातलेला एखादा. ऐकणारा मात्र ठरलेला. तो आमच्या वस्तीतलाच असतो.

दोस्तांनो, समेटाला माझा विरोध नाही. दोन माणसं भांडली, तिसरा मधे पडला, दोघांनी थोडं थोडं सोडलं, कागद झाला, दोघांनी सह्या केल्या. यात वाईट काय? काहीच नाही. पण दोघांतल्या एकानं सहीच केली नाही तर? तेव्हा तो समेट कुणावर चालवायचा आणि कुणावर नाही? या एका सवालावर गावगाड्याची सगळी न्यायबुद्धी नागडी होते. तोच सवाल मी इथं घेतलाय, कारण आमच्या पट्ट्यात तो रोज उभा राहतो आणि त्यावर कोणी लिहीत नाही.

मी डिंगोऱ्यात बसून लिहितोय. कल्याण-नगर रस्त्यावरचं गाव. एका हाताला माळशेज घाट, दुसऱ्या हाताला ओतूर. जुन्नर-आंबेगावचा हा मुलूख एकेकाळी पावसावर जगायचा. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि तिकडं आंबेगावात डिंभे अशी पाच धरणं झाली. पाणी आलं. ऊस आला, कांदा आला, टोमॅटो, द्राक्षं आली. पाण्यानं जमिनीला किंमत आणली. आणि जमिनीला किंमत आली तशी आमची वाट अरुंद होत गेली. पूर्वी माळरानातून कुठूनही मढं न्या, कोण विचारत नव्हतं. आता प्रत्येक फुटाला भाव आहे. मसणवटीकडं जाणारी वाट, विहिरीकडं जाणारी वाट, वतनाच्या तुकड्याकडं जाणारी वाट, सगळ्या वाटा नांगराखाली चालल्यात. म्हणून आमच्याकडचे तंटे हे बहुतेक वाटांचे तंटे आहेत. जातीचे नाहीत, असं ते म्हणतात. वाट मात्र नेमकी आमचीच बुजते.

आता माझ्या आत्याच्या गावची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. आत्याला अजून तिथंच राहायचंय. आणि नाव सांगून तरी काय फरक पडणार? वाचणारा म्हणेल, अरे, ही तर आमच्याच गावची.

आत्याच्या वस्तीतून मसणवटीकडं जायची वाट एका बागायतदाराच्या शेतातून जाते. पिढ्यान् पिढ्यांची वाट. त्यानं ती दोन्हीकडून खात खात बांधाएवढी केली. एका पावसाळ्यात मढं घेऊन जाताना खांदेकरी चिखलात गुडघ्याएवढे रुतले, तिरडी कलंडली. वस्ती चिडली. तक्रार झाली. तंटा मिटवायची समिती बसली. पंच बसले, तलाठी आला, पोलीस पाटील आला, चहा झाला. दोन तासांनी ठरलं की आठ फूट वाट मोकळी ठेवायची आणि वस्तीनं त्याच्या बांधाला धक्का लावायचा नाही. वहीत लिहिलं. आमच्या सात जणांनी सह्या केल्या, आत्यानं अंगठा दिला. मग वही बागायतदाराकडं सरकवली. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "सही कशाला? मी काय पळून चाललोय? माझा शब्द हीच सही." पंच हसले. एक जण म्हणाला, "आण्णांचा शब्द म्हंजी दगडावरची रेघ." वही मिटली. आमच्या सह्या वहीत आणि त्याचा शब्द हवेत.

पहिला पाऊस पडला. ट्रॅक्टर फिरला. वाटेवर टोमॅटोचे बांबू उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या. वस्तीतली माणसं विचारायला गेली. तो म्हणाला, "कागुद दावा. माझी सही हाय का त्याच्यावर?"

बघा, किती शिकलेला माणूस! बैठकीत सही म्हणजे अपमान, शेतात सही म्हणजे कायदा. पंचांकडं गेलो तर पंच म्हणतात, "आता आम्ही काय करणार, त्यांनी सहीच केली नाही ना. जबरदस्ती थोडीच करता येते?"

करता येत नाही. मानलं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

पुढं माझा आतेभाऊ एकदा चारचौघांत मोठ्यानं बोलला. त्याला मारलं. जातीवरून शिव्या घातल्या. तो पोलिसात गेला. तक्रार दिली. जी समिती वाटेसाठी बसायला सहा महिने घेते, ती तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात हजर. या वेळी वही नाही, स्टॅम्पपेपर. टाइप करून तयार. 'गैरसमजातून तक्रार दिली, आता आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' खाली आत्याचं नाव, आतेभावाचं नाव, सहीला जागा मोकळी. आत्या म्हणाली, "आण्णा, माझ्या पोराच्या पाठीवर वळ हायत. त्यो गैरसमज न्हाय." अंगठा दिला नाही. पोरानं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. किराणावाल्याची उधारी बंद. कांदा लागणीला बायकांची टोळी गेली, पण आमच्या घरातल्या बाईला कोणी बोलावलं नाही. डेअरीवर दूध घेईनात. विचारलं तर उत्तर एकच. "पंचांनी ठरवलंय आन् तुमी मानीत न्हाय."

आता ते लक्षात ठेवलेलं वाक्य काढा. सही केली नाही तर जबरदस्ती करता येत नाही, हेच ना? त्यानं सही केली नाही तेव्हा समेट पडला. आम्ही सही केली नाही तेव्हा समेट चालू झाला. त्याचं सही न करणं ही इभ्रत आणि आमचं सही न करणं हा माज. पंच तेच, चावडी तीच, महिनेही जवळजवळ तेच.

याला मी न्याय म्हणत नाही, मध्यस्थीही म्हणत नाही. ही जुनीच पाटीलकी आहे, फक्त स्टॅम्पपेपरवर.

१५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्र सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तेव्हा गृहखातं आर. आर. पाटलांकडं होतं. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. बांधाच्या भांडणापायी दोन पिढ्या कोर्टात झिजलेली घरं मीही पाहिलीत. वाटणीच्या दाव्यात वकिलांनी खाल्लेली एकरं मला माहीत आहेत. पण मोहिमेला बक्षीस लावलं. गावातले तंटे जेवढे मिटतील तेवढे गावाला गुण, आणि गुण मिळाले की गावाला पैसे. आता तुम्हीच सांगा, तंट्यांचा आकडा कमी करायचा सोपा रस्ता कोणता? बळकटाला वाकवायचं की कमजोराला? बळकटाला वाकवायला वर्ष लागतं. कमजोराची गिरणी बंद केली की आठ दिवसांत काम होतं. फळ्यावर 'तंटामुक्त' लिहिलं जातं, कमान उभी राहते आणि कमानीखालून आमचं मढं मात्र चिखलातूनच जातं.

खैरलांजी झाली २९ सप्टेंबर २००६ ला. ही मोहीम आली त्यानंतर एका वर्षाच्या आत. खैरलांजीतही मूळ भांडणात शेत होतं, वाट होती. आणि भोतमांगेंच्या घरातल्या बाईनं पोलिसांपुढं जाऊन मारहाणीची साक्ष दिली होती. गप्प बसायला तयार नसणाऱ्या बाईचं काय करतात ते सगळ्या देशानं पाहिलं. म्हणून आत्यानं अंगठा दिला नाही हे कळलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि त्याच रात्री झोपही लागली नाही.

आता कायद्याचं बघू. आपल्या लोकांना कायदा कोणी सांगत नाही, फक्त 'कायदा हातात घेऊ नका' एवढंच सांगतात.

दिवाणी दाव्यात तडजोड व्हायची तर ती लेखी हवी आणि पक्षकारांच्या सहीची हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये हे शब्द १९७६ च्या दुरुस्तीनं घातले गेले. का घातले? तोंडी तडजोडीच्या नावावर लोक एकमेकांना बुडवत होते म्हणून. लोकअदालतीचं घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याएवढा वजनदार. पण पंजाब सरकार विरुद्ध जलूर सिंग या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ साली बजावून सांगितलं की लोकअदालतीला निकाल द्यायचा अधिकारच नाही. दोघं राजी असतील तरच निवाडा, नाहीतर प्रकरण परत कोर्टात. संसदेनं २०२३ साली मध्यस्थीचा वेगळा कायदा केला. त्यातही मध्यस्थीतला करार लेखी हवा, पक्षकारांची सही हवी, मध्यस्थाची साक्षांकनाची सही हवी. आणि त्याच कायद्यात गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीबद्दल म्हटलंय की असा समेट शांतता-सलोख्यासाठी आहे, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा तो बजावता येणार नाही.

म्हणजे काय? गावचे पंच समेट घडवू शकतात, समेट लादू शकत नाहीत. सही नाही तर समेट नाही. ज्यानं सही केली नाही त्याच्यावर तो कागद चालत नाही. मग तो बागायतदार असो की माझी आत्या.

आता कोणी म्हणेल, मग तुमचीच पंचाईत झाली. बागायतदारानंही सही केली नाही, तर त्याच्यावर वाट कशी लादणार? बरोबर आहे. त्या वहीच्या जोरावर नाही लादता येणार. मी त्याच्यासारखा दुतोंडी नाही. त्याला एक कायदा आणि मला दुसरा, असं मी मागत नाही. पण वाट ही त्याच्या सहीतून जन्मली होती का? वाट आधीची आहे. वहिवाटीची आहे. वाट अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा लावायचा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने नीट ध्यानात ठेवा, कारण पंच नेमके सहा महिनेच घोळत ठेवतात. शेताला जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. आणि आम्हाला मसणवट, पाणवठा, रस्ता वापरू दिला नाही, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं तो थेट गुन्हा केलाय. सामाजिक, आर्थिक बहिष्कार टाकणं, टाकायची धमकी देणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा. गिरणीचा पट्टा तुटलाय म्हणणाऱ्यानं हे वाचून ठेवावं.

म्हणजे समेट मोडला तरी हक्क मोडत नाही. इथंच आमच्या लोकांची फसगत होते. आम्हाला वाटतं, पंचांनी दिलं तर मिळालं, पंचांनी नाकारलं तर संपलं. अरे, जी गोष्ट देवघेवीची आहे तिचा समेट करा. बैल कुणाच्या पिकात शिरला, बांध फूटभर सरकला, भावाभावांत विहिरीची पाळी चुकली, करा समेट. पण मेलेला माणूस माणसासारखा मसणात न्यायचा की नाही, ही देवघेव आहे? त्यात आम्ही काय सोडायचं? अर्धं मढं?

अत्याचाराच्या फिर्यादीचं तर त्याहून वेगळं. हा गुन्हा पंचांच्या ओट्यावर आपसात मिटवायच्या यादीतच नाही. पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या कलम ३२० मध्ये नव्हता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्येही नाही. २०२१ साली रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तडजोडीवरून असा एक खटला रद्द केला. तेव्हापासून प्रत्येक पुढारी त्या निकालाचं नाव घेतो. पण निकाल अर्धाच सांगतो. भांडण मुळात खासगी, दिवाणी स्वरूपाचं असेल, जातीवरून झालेलं नसेल, आणि फिर्यादीवर दबाव नाही अशी कोर्टाची खात्री झाली असेल, तरच, असं त्यात आहे. गिरणी बंद करून घेतलेला अंगठा त्यात कुठं बसतो? उलट अत्याचार कायद्याच्या कलम १५-अ नुसार फिर्यादीला आणि साक्षीदाराला धमकी, दडपण, आमिष यांपासून वाचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तिसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर घेऊन येणाऱ्या टोळीत पोलीस पाटील होता. सरकारचं कर्तव्य त्या टोळीबरोबर चालत आलं होतं.

हे आजचं नाही. इतिहास उलटा.

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलात रामनवमी आली, रथ निघायचा होता. दोन्ही बाजूंत तडजोड ठरली. दोन्हीकडच्या बळकट माणसांनी मिळून रथ ओढायचा. ठरलं, सगळ्यांनी मान डोलावली. आणि ऐन वेळी अस्पृश्यांची माणसं दोराला हात लावायच्या आत सवर्णांनी रथ पळवला. दगडांचा पाऊस पडला. तोंडी समेटाची ही किंमत! आमच्या आत्याच्या वाटेवर फिरलेला ट्रॅक्टर त्याच रथामागून आलाय.

मग १९३२. येरवडा. २० सप्टेंबरला गांधींचं उपोषण सुरू झालं, २४ सप्टेंबरला करार झाला. मधे पडलेले सप्रू, जयकर, त्यांच्याही सह्या. सवर्णांच्या वतीनं मदनमोहन मालवीयांची सही. देवदास गांधींची सही आहे. बाबासाहेबांची सही आहे. आणि ज्या माणसाच्या प्राणासाठी हे सगळं चाललं होतं त्या गांधींची स्वतःची सही त्या करारावर नाही. दोन दिवसांत ब्रिटिश मंत्रिमंडळानं करार उचलला, पुढं १९३५ च्या कायद्यात तो उतरला. बाबासाहेबांच्या डोक्यावर काय होतं? गांधी गेले तर खेड्यापाड्यांतल्या एकाकी महारवाड्यांचं काय होईल, हे होतं. स्वतंत्र मतदारसंघ गेले, १४८ राखीव जागा मिळाल्या, मतपेटी मात्र त्यांची. १९४६ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला याच पुण्यात त्या कराराविरुद्ध सत्याग्रह करावा लागला, माणसं तुरुंगात गेली. मला सांगा, आत्याच्या दारातला स्टॅम्पपेपर आणि हा करार यांत जात कोणती वेगळी आहे? एकीकडं उपोषण, दुसरीकडं गिरणी. दोन्हीकडं सही आमची.

आणि जिथं सही दिलीच नाही, तिथं काय झालं? महाडचं तळं बघा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायली. सवर्णांनी तळं शुद्ध केलं, मग तळं खासगी आहे म्हणून दावा लावला, मनाई हुकूम आणला. समेट झाला असता तर काय मिळालं असतं? एखादा कोपरा, एखादी वेळ, एखादा वेगळा घाट. बाबासाहेबांनी तो समेट केला नाही. दहा वर्षं खटला लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला आणि तळं आमचंही ठरलं. महाडच्या एकाही सनातन्याची सही त्या हक्कावर नाही. गरजच नव्हती.

नामांतराचं विसरू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ठराव लेखी, सरकार त्यांचं, शिक्का त्यांचा. पण मराठवाड्यातल्या सवर्णांना मान्य नव्हता. वस्त्या जळल्या, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली. आणि सरकार म्हणालं, वातावरण निवळू द्या. साडेपंधरा वर्षं निवळलं नाही. १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं ते मराठवाडा शब्दाला चिकटून. नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. एका बाजूनं मनातून सही केली नाही म्हणून विधिमंडळाचा ठराव साडेपंधरा वर्षं धूळ खातो, आणि पंचांच्या तोंडी ठरावापायी एका बाईचं दळण दुसऱ्या दिवशी बंद होतं. राज्य कुठं बळकट आहे आणि कुठं कमजोर, ते कळायला आणखी कोणतं पुस्तक वाचायचं?

आमच्यातलेच काही म्हणतात, "गावात राहायचंय, दमानं घ्या. सगळा गाव एका बाजूला आणि एकटी बाई एका बाजूला, शोभतं का?" त्यांना मी सिद्धार्थाची आठवण करून देतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ही गोष्ट मांडलीय. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा. शाक्यांच्या संघानं बहुमतानं युद्ध ठरवलं. सिद्धार्थ म्हणाला, मला मान्य नाही. तेव्हा सेनापतीनं काय धमकी दिली? देहान्त किंवा देशत्याग द्यायला कोसल राजाची परवानगी लागेल, पण तुझ्या कुटुंबावर बहिष्कार टाकायला आणि तुमची शेतं जप्त करायला संघाला कोणाची परवानगी लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची गिरणी आणि किराणा! सिद्धार्थानं मान तुकवली नाही. घर सोडलं. आपला धम्म जर त्या नकारातून सुरू होत असेल, तर पंचशील म्हणून झाल्यावर पंचांच्या कागदावर डोळे मिटून अंगठा देणारे आपण कोण?

आणि जुन्नरच्या माणसानं कागदाचं महत्त्व दुसऱ्याकडून शिकायची गरज नाही. या तालुक्यात शेकडो लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. त्यांतले शिलालेख वाचा. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं, कासारांच्या श्रेणीकडं धर्मकार्यासाठी ठेवी सोपवल्याची नोंद तिथं दगडात आहे. कोणी काय दिलं, कोणाकडं दिलं, सगळं कोरलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी बांबू चिरणाऱ्याबरोबरचा व्यवहार दगडावर लिहीत होते. आज आमच्याबरोबरचा व्यवहार वहीतसुद्धा पुरा होत नाही. शिवारात शिवेचा तंटा झाला की महाराला साक्षीला उभं करायचे, त्याच्या शब्दावर दोन गावांची शिव ठरायची. दुसऱ्यांच्या हद्दी आमच्या शब्दावर आणि आमची वाट त्यांच्या मर्जीवर.

तेव्हा माझं सांगणं सरळ आहे. समितीत बोलावलं तर जा, घाबरू नका, पण एकटं जाऊ नका. दोन्ही बाजूंची सही एकाच वेळी, एकाच बैठकीत, एकाच कागदावर. समोरचा 'शब्द देतो' म्हणाला तर आपणही शब्दच द्यायचा आणि पेन खिशात ठेवायचं. त्यानं सही नाकारली तर वहीत तसं लिहून घ्यायचं, 'अमक्यानं मान्य केलं, सही नाकारली', आणि त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या मागायच्या. वहीची नक्कल त्याच दिवशी मागायची. टाइप करून आणलेला कागद घरी आणून दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. कोऱ्या जागेवर अंगठा कधीच नाही. वाट अडवली की तारीख लिहून ठेवायची, सहा महिने मोजायला. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बसायचं नाही. १९८७ च्या त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा. आणि ज्या घरानं सही नाकारली त्या घराचं दळण दुसऱ्या गावच्या गिरणीतून आपण आणून द्यायचं, त्यांचं दूध आपण घ्यायचं. त्या घराला एकटं पडू दिलं तर वस्तीतल्या एकाही बाईला पुढं 'नाही' म्हणता येणार नाही.

आमच्या पुढाऱ्यांना वेगळं सांगतो. मधे पडायचं असेल तर आधी बागायतदाराची सही घेऊन या. मग आमच्या दारात या. त्याच्या दारात चहा आणि आमच्या दारात उपदेश, ही मध्यस्थी आता बंद.

वाटेचा अर्ज तहसीलदाराकडं गेलाय, मुदतीत गेलाय. फिर्याद कायम आहे. पंच अजून म्हणतात, म्हातारी अडून बसलीय, गावाचा तंटा मिटू देत नाही. बागायतदार अडून बसलाय असं अजून एकाही पंचाच्या तोंडून निघालेलं नाही. ते निघेल त्या दिवशी गाव तंटामुक्त झालं असं मी समजेन, कमान असो नसो. तोवर आत्याचा अंगठा आत्याजवळच राहील.